पाण्याखालची नासपतीची बाग

सोल्तीच्या जलाशयात मासा कुठे आहे, हे पाण्याकडे बघून कळत नाही. दुसरं एखादं पाणी काहीतरी सांगतं. बुडबुडा येतो, बगळा एका जागी थबकतो, काठाशी गवत हलतं. हे पाणी काही सांगत नाही. चारी बाजूंनी डोंगर असे उभे आहेत की वारा आत येता येता दमतो. पाण्यातून झाडांचे शेंडे वर आलेले असतात, साल गेलेले, करडे. वर दिसतात त्यांच्या दसपट खाली आहेत. मासे त्या लाकडांत राहतात आणि लाकडासारखेच स्थिर राहतात. जाळं टाकलं तर फाटतं. गळ टाकला तर लाकूड लागतं. शहरातून हौशी लोक भारी काठ्या घेऊन येतात, दिवसभर बसतात आणि संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्याने परत जातात.

बावीस वर्षं मी या पाण्यावर सरकारी बोट चालवतो. रस्ता नसलेल्या घरांना टपाल, औषधं, गॅसच्या टाक्या पोचवतो. या बावीस वर्षांत इथून सहसा रिकाम्या हाताने न परतणारं एकच माणूस मी पाहिलं. थाक बुनी. तिचं नाव तोंडावर कोणी घेत नाही. जुने लोक तिला इन्छानची आई म्हणतात, पोरंसोरं आजी म्हणतात. मी आलो तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती, म्हणून काकू म्हणायला लागलो आणि तेच राहिलं.

हे सगळं मी लिहितोय ते गेल्या शरद ऋतूत जे घडलं त्यामुळे. पण त्याआधी ती मासा कशी शोधते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ती इंजिन लांबच बंद करते. मग बोटीच्या शेपटाशी उभी राहून एकाच वल्ह्याने, पाणी कापल्याचाही आवाज न करता, पुढे सरकते. एका जागी थांबते आणि पाण्यात ओळंबा सोडते. गवंड्याचा पितळी ओळंबा. तिचा नवरा, सोक गवंडी, त्याच ओळंब्याने या डोंगरांतल्या अर्ध्या भिंती सरळ करून गेला. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली. ओळंबा खाली जातो, दोरी तिच्या दोन बोटांत असते, डोळे मिटलेले. खाली पितळ कशाला तरी लागतं आणि तो ठोका दोरीवरून तिच्या बोटांत येतो. अक्रोड कडक वाजतो. तुती बद्द. बोरीला लागला की ओळंबा घसरतो, कारण बोरीची फांदी कधी सरळ नसते. कौल लागलं तर थाळीवर चमचा आपटल्यासारखं वाटतं. ती या पाण्याखाली गेलेल्या गावची सून. धरण झालं तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तिच्या डोक्यात सोल्ती गाव जसंच्या तसं उभं आहे आणि ती त्याच्या छपरांवरून बोट नेते.

आणखी एक गोष्ट. कोणाच्या घरावर ओळंबा सोडायचा असला की आधी ती हलकेच खाकरते. अंगणात शिरताना जसं खाकरायचं असतं, आत माणसं असतील, त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं सर्दी झालीय.

"काकू, औषध आणू का?"

"कशाला?"

"खोकताय ना."

"हे ओ कुटुंबाचं अंगण आहे," ती म्हणाली. "त्यांची सासू फार कडक होती. न विचारता आत गेलेलं तिला खपायचं नाही."

चार वर्षांपूर्वी मा होजुन नावाचा तरुण इथे मासेमारीचा परवाना घेऊन आला. चांगला मुलगा, पण तोंड बंद म्हणून नाही. त्याच्या बोटीवर मासे दाखवणारं यंत्र आहे. पहिल्याच आठवड्यात तो तिच्या बोटीजवळून ओरडत गेला, "आजी, इथे खाली नुसती गर्दी आहे गर्दी! पडदा पिवळाधमक झालाय!"

"ती ओंच्या घरची तुती आहे," आजी म्हणाली. "टाक जाळं. तुती काही पळून जात नाही."

त्याने टाकलं. ते जाळं दोन दिवस शिवत बसला. त्यानंतर तो यंत्र चालू ठेवतो, पण बोट तिच्या मागून नेतो.

"यंत्राला काय कळतं ते मला सांग," तिने एकदा त्याला विचारलं.

"आडवं काही असलं की दिसतं."

"आडवं तर मीपण दुपारी असते. मी मासा का?"

असं सगळं चाललं होतं.

तिचा मुलगा इन्छान देगू शहरात चष्म्याच्या फ्रेम बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. अठ्ठेचाळीस वर्षांचा, बापासारखा रुंद, बापासारखाच कमी बोलणारा. सात-आठ वर्षांपूर्वी त्याने आईला शहरात यायला सांगितलं होतं. माझ्याच बोटीवर, माझ्यासमोर. तेव्हा ती म्हणाली होती, "ज्या दिवशी या पाण्यात माझी वाट चुकेल त्या दिवशी बोटीची किल्ली मी तुझ्या हातात देईन. स्वतः देईन. तोवर हा विषय काढायचा नाही. कॅप्टन, तू ऐकलंस ना?" मला ती कॅप्टन म्हणते. थट्टेत, पण साक्षीदार लागतो तेव्हा खरोखर. मी ऐकलं होतं. इन्छाननेही पुन्हा विषय काढला नाही.

गेल्या वर्षी पावसाने दगा दिला. ऑगस्ट संपताना पाणी दहा-बारा हात उतरलं होतं. काठावर चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडल्या, एकाखाली एक, कोणी घाईत पुसलेल्या फळ्यासारख्या. झाडं जास्त वर आली. पाणी आधीच गप्प असायचं, आता कोंडल्यासारखं झालं. होजुनने यंत्राला शिव्या घालणंही सोडून दिलं. बुनीकाकूच्या अक्रोडाखाली काही नव्हतं, तुतीत काही नव्हतं, शाळेमागच्या वाळुंजाच्या झाडांत दोन बोटं लांबीची पिल्लं. मासा कुठेतरी गेला होता आणि कुठे ते सांगत नव्हता.

तेव्हा तिला गोंग पान्सुलची बाग आठवली.

गोंग पान्सुल हा सोल्तीचा शेवटचा सरपंच. पिठाच्या गिरणीमागच्या उतारावर त्याची नासपतीची बाग होती. तीनशे झाडं, पंचवीस-पंचवीसच्या बारा रांगा. धरणात पाणी अडवलं त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बुनी नववा महिना भरत आलेली, बाळंतपणाला माहेरी निघाली होती. महिनाभर ती घराबाहेर पडली नव्हती; बैलगाडीतून मागे वळून तिने ती बाग पहिल्यांदाच पाहिली. नवीन होती, अंगाने बारीक, पण पांढऱ्या फुलांनी भरलेली. माहेरी इन्छान झाला. ती परतली तेव्हा गावाच्या जागी पाणी होतं आणि नवऱ्याने वर खिंडीपाशी घर बांधायला घेतलं होतं. म्हणून गावाची तिची शेवटची आठवण म्हणजे ती फुललेली बाग. हे ती मला आधीही दोन-तीनदा बोलली होती.

मासेमारी दोघं मिळून करायचे तेव्हा नवरा तिला त्या बाजूला जाऊ द्यायचा नाही. "तिथे दाट आहे, जाळी फाटतील." तो गेल्यावरही तिने तो शब्द पाळला होता. आता पाळून चालण्यासारखं नव्हतं. सत्तेचाळीस वर्षं कोणी हात न लावलेली तीनशे झाडं, खोल पाण्यात, गर्द. मासा गेला असेल तर तिथेच.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी मला तिची बोट गिरणीमागे गोल गोल फिरताना दिसली. ती कधी गोल फिरत नाही. मी इंजिन बंद करून जवळ गेलो.

"काकू, काही हरवलं का?"

"माझं काही हरवत नाही."

"मग?"

तिने ओळंबा वर घेतला. पितळ चिखलाने माखलेलं होतं. तिने तो चिखल अंगठ्याने पुसला, पुन्हा सोडला, चार हात पुढे जाऊन पुन्हा.

"खाली काय लागतंय?"

"चिखल," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "चिखल. लोण्यासारखा."

त्या दिवशी मी टपाल तासभर उशिरा पोचवलं. तिच्या बोटीला माझी बोट बांधून बसलो. तिने उताराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोन-दोन हातांवर ओळंबा सोडला. एकही ठोका नाही. एकही काटकी नाही. शेवटी तिने दोरी गुंडाळली आणि आपल्या बोटांकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्या कोणाची होती.

शरदातल्या चुसोकच्या सणाआधी पूर्वजांच्या कबरींवरचं गवत कापायला लोक गावी येतात. आमच्याकडे कबरी पलीकडच्या डोंगरावर हलवलेल्या, तिथे रस्ता नाही. त्यामुळे त्या दोन दिवसांत सरकारी बोट गवत कापायची यंत्रं, तांदळाची दारू आणि भांडणाऱ्या चुलतभावांनी भरलेली असते. इन्छानही आला. बापाच्या कबरीवरचं गवत कापलं, दारू शिंपडली, दोनदा माथा टेकला. परतताना बाकीची कुटुंबं आपापल्या धक्क्यांना उतरली आणि बोटीत आम्ही तिघंच उरलो.

"कॅप्टन," ती म्हणाली, "गिरणीमागे थांबव."

मला वाटलं होतं ती लपवेल. मी असतो तर लपवलं असतं. आणखी एक वर्ष निघालं असतं, कदाचित चारही. तिने ओळंबा काढला आणि दोरी मुलाच्या हातात दिली.

"सोड."

त्याने सोडला.

"काय लागलं?"

"मऊ काहीतरी."

"इथे सरपंचांची बाग आहे. तीनशे झाडं. मला दिसतेय. पाकळ्यासुद्धा दिसतायत. पण खाली नाही."

इन्छानने ओळंबा वर घेतला. "आई, लाकूड कुजतं."

"ओंची तुती कुजली नाही. शाळेची वाळुंजं कुजली नाहीत. नासपतीच तेवढी कुजली?"

"मग काय झालं असेल?"

"मग माझं डोकं कुजलं," ती म्हणाली. "मी शब्द दिला होता. कॅप्टनने ऐकलाय."

ती किल्ली द्यायला लागली. इन्छानने घेतली नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी येतो म्हणाला, तोवर सामान आवर, खोली तयार आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. तो प्रेमाने बोलत होता आणि त्या प्रेमानेच तिचं कंबरडं मोडलं. भांडला असता तर ती भांडली असती.

पुढचे तीन आठवडे तिने मासेमारी केली नाही. गाव तपासलं. सकाळी निघायची आणि एकेका घरावरून, एकेका विहिरीवरून जायची, खाकरायची, ओळंबा सोडायची. शाळेच्या झेंड्याच्या खांबाचा चौथरा होता तिथे होता. गिरणीचं जातं जागेवर. ओंचं अंगण, तांब्याच्या भांड्यांचं दुकान, लोहाराचा अक्रोड, दोन फांद्यांचा, त्यातली डावी मोडलेली. सगळं हाताला लागलं. संध्याकाळी धक्क्यावर येऊन मला सांगायची, "आज सतरा घरं. सतरा बरोबर." मी म्हणायचो, मग झालं तर. ती म्हणायची, "दात पडतो तेव्हा आधी एकच पडतो."

होजुनला कोणीतरी सांगितलं असावं. तो एक दिवस तिच्या दारात कोबी घेऊन आला आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाला, "आजी, माझं यंत्र घ्या पाहिजे तर."

"तुझं यंत्र तुतीला मासा म्हणतं, मी चिखलाला बाग म्हणते. दोघं मिळून चांगला धंदा करू."

तो हसला नाही. बाहेर येऊन त्याने डोळे पुसले. मी पाहिलं.

ऑक्टोबरच्या मधल्या एका मंगळवारी ती धक्क्यावर माझी वाट बघत होती. चांगला कोट घातलेला, हातात फडक्यात बांधलेला डबा.

"कॅप्टन, सरपंच अजून जिवंत आहेत ना?"

गोंग पान्सुल त्र्याऐंशीचे. तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात असतात. सोल्तीची ती पिढी जवळजवळ संपली. जे आहेत ते दूरच्या शहरांत, मुलांच्या घरांच्या मागच्या खोल्यांत. त्या दिवशी माझी फेरी दुपारीच संपत होती. आम्ही बसने गेलो.

सरपंच खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसले होते. माणूस वाळला होता, पण आवाज अजून पंचायतीतला.

"इन्छानची आई! अजून बुडाली नाहीस?"

"तुमच्या आधी कशी बुडू? मान राखायला नको?"

तिने डबा उघडला. तांदळाच्या पिठाचे वाफवलेले केक होते, वर पाइनची पानं लावलेले. त्यांनी दोन खाल्ले. मग तिने कसलीही प्रस्तावना न करता विचारलं, "सरपंच, तुमची नासपतीची बाग कुठे होती?"

ते चावायचे थांबले. "गिरणीमागे. का?"

"किती झाडं?"

"तीनशे. सगळ्यांना माहीत आहे. सरकारी दप्तरात आहे."

"पंचवीसच्या बारा रांगा."

"बारा. का ग?"

"ती तिथे नाहीये."

"पाण्यात काय राहतंय इतकी वर्षं?"

"तुती राहिलीय. अक्रोड राहिलाय. शाळेच्या वहीसारखं गाव राहिलंय, मी तीन आठवडे पानन् पान पाहिलं. एक पान कोरं आहे. तुमचं." ती शांतपणे बोलत होती. "मी भांडायला नाही आले. माझा मुलगा मला न्यायला येतोय. मी सांगितलं होतं, वाट चुकली की उतरते. चुकले. फक्त एवढंच विचारायला आले की बाग खरंच होती ना? मी पाहिली होती ना? का तेसुद्धा माझ्या मनाचंच?"

सरपंचांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काही नव्हतं, वाहनतळ होता. त्यांनी तिसरा केक उचलला आणि परत ठेवला.

"होती," ते म्हणाले. "तू पाहिलीस. फुलं आली होती."

"मग?"

"मुळं नव्हती."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"सरकारी माणसं झाडं मोजायला यायची होती," सरपंच म्हणाले. "झाडागणिक भरपाई. सगळ्यांनीच काही ना काही खोचलं होतं. कोणी पन्नास बोरी, कोणी कुंपणाच्या काठ्या. मी सरपंच, मी कमी कसं करणार? वरच्या गावच्या बागेत छाटणी झाली होती, मनगटाएवढ्या फांद्या, कळ्या धरलेल्या. दोन गाड्या आणल्या. दोन दिवसांत उतारावर खोचल्या. ओल्या मातीत फांदीला काय कळतं आपल्याला मूळ नाही ते? फुलली." त्यांचा आवाज जरा बसला. "आठ दिवस फुलली. साहेब आला, म्हणाला काय सुंदर बाग आहे, वाईट वाटतं. मला त्या क्षणी खरंच वाईट वाटलं. मे महिन्यात सगळी वाळली. तोवर तू माहेरी होतीस."

"आणि गावाने मला सांगितलं नाही."

"कोण सांगणार? ज्याचं त्याचं काहीतरी खोचलेलं होतं."

"आमच्या ह्यांना माहीत होतं?"

सरपंच आता हसले. दात नसलेलं, लहान मुलासारखं, लाजलेलं हसू. "रांगा सरळ कोणी लावल्या असं वाटतं तुला? साहेबाच्या डोळ्यात भरल्या त्या रांगाच. तुझा नवरा ओळंबा आणि दोरी घेऊन दोन दिवस उतारावर होता. वारा आला तर पडू नयेत म्हणून नायलॉनच्या सुतळीने एकीला एक बांधलीदेखील त्यानेच. काम करायचं तर नीट, म्हणाला. दमडी घेतली नाही."

बुनीकाकू पहिल्यांदा हसली की रागावली हे मला आजही सांगता येणार नाही. तिच्या तोंडून एक आवाज निघाला एवढं खरं. मग ती म्हणाली, "एकोणीस वर्षं मी त्या माणसाच्या कबरीवर दारू ओततेय. पुढच्या वर्षी पाणी ओतीन."

"माझ्यावर ओत. मीही जातोच आहे."

"तुम्ही आधी केक संपवा."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून होती. मला वाटलं झोपली. मी मनात म्हणत होतो, चला, डोकं शाबूत आहे, एवढं तर झालं. तिचं मात्र दुसरंच चाललं होतं.

"कॅप्टन. सुतळीने बांधलेली होती म्हणाले ना?"

"हो."

"एकीला एक. म्हणजे पाणी चढलं तेव्हा सुटी सुटी नाही गेली. सगळी मिळून वर आली. चटईसारखी."

"आली असेल."

"पाणी जुलैत चढलं. जुलैत वरून वाहत आलेला कचरा तू काढतोस ना दरवर्षी? कुठे जमतो?"

मला उत्तर द्यायला विचार करावा लागला नाही. बावीस वर्षं दर जुलैत तिथेच माझी कंबर गेलीय. "कावळ्याच्या मानेत. दरवर्षी. एक काडीसुद्धा दुसरीकडे जात नाही."

"वरचा काढतोस."

"वरचा काढतो. भिजून, जड होऊन तळाला गेलेलं कोण बघतं?"

कावळ्याची मान म्हणजे जलाशयाची एक अरुंद, वाकडी फट, गावापासून अर्ध्या तासावर. तिथे ती कधी गेली नव्हती, कारण तिच्या आठवणीत तिथे काही नव्हतं. कुट्टू या धान्याचं शेत होतं, खडकाळ, एक झुडूपही नाही. मी यावर नंतर पुष्कळ विचार केला. आपल्याला जे माहीत असतं त्याचीच भिंत होते. गाव तिला इतकं पाठ होतं की गावाबाहेरचं पाणी तिला पाणीच वाटत नव्हतं. मासा त्या भिंतीमागे गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं उतरायच्या आत ती निघाली. मी टपाल घेऊन मागोमाग गेलो, होजुन माझ्या मागे. फटीच्या तोंडाशी तिने हात वर करून आम्हा दोघांना थांबवलं. वल्ह्याने एकटी आत गेली. आम्हाला धुक्यातून तिची टोपी तेवढी दिसत होती.

ओळंबा गेला. थांबली. चार हात पुढे. थांबली. तिसऱ्यांदा तिचा खांदा किंचित उडाला.

"काकू?"

तिने बोट ओठांवर ठेवलं. मग अगदी हळू, दोरीला काही लागू नये अशा बेताने, ती ओळंबा वर घ्यायला लागली. त्याच्याबरोबर काहीतरी वर येत होतं. शेवाळाने काळं पडलेलं, लोंबणारं. तिने ते दोन बोटांत पुसलं. खालून निळा रंग निघाला. नायलॉनची सुतळी, आणि तिला घट्ट गाठ. गवंडी मारतात तशी, दोन वेढ्यांची.

ती त्या गाठीकडे किती वेळ बघत होती कोण जाणे. सोडली नाही. तशीच परत पाण्यात जाऊ दिली.

होजुनच्या यंत्रावर त्या जागी चिखलाचा उंचवटा दिसत होता. "आजी, इथे काही नाही म्हणतंय हे," तो कुजबुजला.

"म्हणू दे." तिने हातदोरीला जिवंत बेडकी लावली. सुतळीच्या दोन रांगांमध्ये, काटकोनात, जिथे दोन फांद्यांमध्ये हातभर जागा असणार असं तिला माहीत होतं, कारण जागा कोणी सोडली होती ते आता तिला माहीत होतं, तिथे ती बेडकी उतरवली. दोरी बोटांत. डोळे मिटलेले.

पहिली मरळ माझ्या हाताएवढी होती. लाकडात घुसायच्या आत तिने ती वर काढली होती. नंतर वाम. नंतर आणखी मरळ. होजुनने यंत्र बंद केलं आणि पडद्यावर टोपी ठेवली.

ठरलेल्या शनिवारी इन्छान आला. रिकामी मोठी पेटी घेऊन, चाकांची. आई धक्क्यावर उभी होती, कामाच्या फुलाफुलांच्या सैल विजारीत. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पेटी तिथेच ठेव," ती म्हणाली. "बस."

यावेळी मी त्यांच्या बोटीत नव्हतो. माझ्या बोटीवरून पाहत होतो. मानेत शिरल्यावर तिने ओळंबा मुलाच्या हातात दिला. बागेचं सगळं तिने त्याला वाटेत सांगितलं असावं, कारण तो काही विचारत नव्हता. त्याने दोरी सोडली. त्याचा चेहरा मी इतक्या लांबून नीट पाहू शकलो नाही, पण हात थबकलेला दिसला. त्याने ओळंबा उचलला, थोडा बाजूला सोडला. पुन्हा थबकला. पुन्हा. तो रांग मोजत होता. बापाने लावलेली रांग, तो पोटात असताना. ती अजून सरळ होती.

बऱ्याच वेळाने पाण्यावरून त्याचा आवाज आला, "आई, पुढच्या वर्षीही बघायला येईन. तेव्हा जर..."

"तेव्हाचं तेव्हा. शब्द तोच आहे. आता हात हलवू नकोस, मासा घाबरतो."

संध्याकाळच्या बसने तो गेला तेव्हा पेटीत आईचे कपडे नव्हते. बर्फात गुंडाळलेले मासे होते, आणि होजुनची आठवण म्हणून कोबी. सरपंचांना तिने मरळीची पेज करून माझ्याकरवी पाठवली. त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि निरोप दिला की माशाला नासपतीची चव आहे. मी तो निरोप पोचवला.

"त्या माणसाला अजून खोचायची सवय गेली नाही," ती म्हणाली.

यंदा पाऊस चांगला झाला. पाणी वर आहे. ती पंचाहत्तर वर्षांची आहे आणि वल्हवताना मधेच दम घ्यायला थांबते, हे मी पाहतो, तिला सांगत नाही. पण रोज सकाळी टपाल घेऊन जाताना मला कावळ्याच्या मानेतून एक आवाज ऐकू येतो. तिथे कधी घर नव्हतं, अंगण नव्हतं, कोणाची सासू नव्हती. तरी ओळंबा सोडायच्या आधी ती तिथे हलकेच खाकरते.